आज बाजार हाय, मास्तर

आमच्या नालबंद मामूंनी उभ्या आयुष्यात कुणाचं तोंड म्हणून पाहिलं नाही. हे वाचून ते माणूसघाणे असतील असं कुणाला वाटेल, तर ते साफ चूक आहे. माणसांची इतकी आवड असलेला माणूस सोनपेठात दुसरा नव्हता. फक्त ही आवड घोट्याच्या वर जात नसे. कुणी समोर आलं की त्यांची नजर सरळ खाली उतरायची, पायांवर थांबायची आणि पुढचा सगळा कारभार तिथूनच चालायचा. गावात कुणाला मिशा आहेत आणि कुणाचे दात पडलेत हे त्यांना सांगता आलं नसतं. पण कुणाची करंगळी शेजारच्या बोटावर चढून बसली आहे, कुणाच्या टाचेला किती भेगा आहेत आणि त्यातली गेल्या हिवाळ्यातली कोणती, हे ते झोपेतून उठवलं तरी सांगायचे. एकदा त्यांच्या सख्ख्या साडूनं वीस वर्षं राखलेली दाढी उतरवली. सगळं गाव त्याला ओळखेना. मामू तीन दिवस त्याच्याबरोबर उठत-बसत होते, त्यांना पत्ता नाही. चौथ्या दिवशी मात्र त्यांनी काळजीनं विचारलं, "मियाँ, डाव्या अंगठ्याचं नख कवा कापलं?"

त्यांचा पिढीजात धंदा बैलांना पत्र्या मारायचा. बाजाराच्या कडेला एक जुना कडुनिंब होता, त्याच्याखाली बैल दोरानं आडवा पाडायचा, चारी पाय बांधायचे, खूर तासायचे आणि लोखंडी पत्र्या ठोकायच्या. पण कधी काळी एका शेतकऱ्यानं म्हटलं असेल, "मामू, बैलाचं झालं, आता माझा बी काटा काढा," आणि मामूंच्या हाताला माणसाच्या पायाची चव लागली. मी गावात आलो तेव्हा त्यांच्याकडं बैल कमी आणि माणसं जास्त येत होती. त्यांचं वर्ष चैत्रापासून सुरू होत नसे. पावसाळा म्हणजे चिखल्या, हिवाळा म्हणजे भेगा, उन्हाळा म्हणजे चटके, आणि बाभळीचे काटे बारमाही. चिखल्यांना मेंदी, भेगांना मेण आणि करडईचं तेल, कुरुपाला बिब्ब्याचा चटका. एवढ्या सामानावर त्यांनी पंचक्रोशी चालती ठेवली होती. दोन्ही धंद्यांत त्यांना काही फरक वाटत नव्हता. "मानसाचा आन् बैलाचा पाय एकच, मास्तर," ते म्हणायचे. "फरक इतकाच, बैल खोटं बोलत न्हाई."

या वाक्याला मी तेव्हा पोट धरून हसलो होतो.

बैलाची सवय माणसांवर वापरताना त्यांना कधी संकोच वाटला नाही. पाय हातात घेण्याआधी ते जिभेनं "च् च् च्, हो, हो" करायचे आणि पोटरीवर मागच्या बाजूनं एक थाप मारायचे. शेजारच्या गावचे एक पाटील मोठे मानी गृहस्थ. टाचेत काटा मोडला म्हणून आले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "नालबंद, आमी बसनार न्हाई. आन् हे च् च् आमच्याम्होरं चालनार न्हाई." मामूंनी मान डोलावली आणि सवयीनं पोटरीवर थाप मारली. पाटलांचा पाय आपोआप गुडघ्यात दुमडून वर आला. काटा निघेपर्यंत पाटील एका पायावर, मामूंच्या पाठीवर हात टेकून, अगदी शहाण्या बैलासारखे उभे होते. बाजारात हसायची कुणाची छाती झाली नाही, पण त्या दिवसापासून पाटलांच्या मागं गावातली पोरं एकमेकांना "च् च्" करायला लागली.

पाय धुतल्याशिवाय ते हात लावत नसत. निंबाच्या बुंध्याशी एक मोठं मडकं असायचं. "आधी न्हाऊ घाला त्याला. उघडं पडल्यावर पायाला लाज वाटती." पाय हे त्यांच्या लेखी स्वतंत्र माणूस, आणि उजवा-डावा हे दोन वेगळे भाऊ. मालकाला 'कसं काय' विचारायची त्यांची पद्धत नव्हती. "काय हो उजवे, उतार हाय का?" असं विचारून ते उत्तराची वाटही पाहायचे. मालक मध्ये बोलला तर चिडायचे. एका सावकाराच्या मुलाला त्यांनी सांगितलं होतं, "तुमचा उजवा लय कामसू हाय. डावा ऐतखाऊ. सगळं वझं भावावर टाकून चालतो." सहा महिन्यांनी त्या घरात वाटणी झाली, तेव्हा लोक म्हणाले, मामूंनी आधीच सांगितलं होतं.

देवळात सप्ताह असला की बाहेर वहाणांचा ढीग पडायचा. एका वर्षी दोन जण एकाच नव्या कोऱ्या जोडावर हक्क सांगायला लागले. दोघेही देवाच्या दारात शपथा घेत होते. शेवटी कुणीतरी तो जोड निंबाखाली नेला. मामूंनी वहाण उलटीपालटी केली, दोघांना पाय पुढं करायला सांगितलं आणि एकाच्या पायावर बोट ठेवलं. "ह्या अंगठ्याला बाहेर बघायची सवय हाय. वहानेत ठसा आत बघायलाय. भाऊ, तुमची शपत खरी असंल, पन अंगठा न्हाई म्हनतो." तो गृहस्थ वहाण न घेता गेला तो सप्ताह संपेपर्यंत कीर्तनाला फिरकला नाही.

राज्यं आली-गेली त्याचीही मामूंनी पायांवरूनच नोंद ठेवली. आधीचे साहेब मऊ जोड्यांतले, नंतरचे कडक बुटांतले. आमचा मराठवाडा हैदराबादेतून निघून मुंबई राज्यात गेला, त्यानंतर एक नवे अंमलदार गाव पाहायला आले. मामूंकडं पाहून त्यांनी मोठ्या आपुलकीनं विचारलं, "काय बाबा, नव्या राज्यात काही बदल वाटतो का?" मामूंची नजर अर्थातच साहेबांच्या बुटावर. "साहेब, पहिल्या साहेबाला कुरूप हितं व्हतं," त्यांनी करंगळीच्या बाजूला हात लावला, "तुमालाबी हितंच हाय." साहेब चमकले, कारण तिथंच होतं. ते दहा मिनिटांत बूट काढून मडक्यापाशी बसले.

पण हे सगळं किरकोळ. मामूंचा खरा अभिमान म्हणजे घोटा. लचकलेला, मुरगळलेला, निखळलेला घोटा त्यांच्याकडं आला की ते एकदम गप्प व्हायचे. डोळे मिटून नुसत्या बोटांनी चाचपायचे, मग एक हलका झटका, मग लेप आणि मग पट्टी. लेपात आंबेहळद, उडदाचं पीठ आणि तिसरी एक वस्तू. मी माळकरी घरातला. "मास्तर, तिसरी चीज इचारू नका," असं त्यांनी मला आधीच बजावलं होतं. कोंबड्या त्यांच्या झोपडीभोवतीच फिरत असल्यामुळं मीही कधी विचारलं नाही. पट्टीच्या शेवटी ते एक गाठ मारायचे. ती त्यांना त्यांच्या वडिलांनी शिकवलेली. त्यांनी एक टोक ओढलं की पट्टी फुलासारखी उमलायची, दुसऱ्या कुणी ओढलं की आणखी आवळायची. आणि एकच अट. एकवीस दिवस गाठीला हात लावायचा नाही. "गाठ माझी, पाय तुमचा. एकवीस रोज दोघांनी एकमेकांची अमानत सांभाळायची." घोट्याच्या बाबतीत त्यांच्याकडून आलेला माणूस लंगडत गेल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

मी येईपर्यंत.

मी सोनपेठच्या शाळेत मास्तर होतो. वय बावीस-तेवीस. हैदराबाद राज्याचा जुना नकाशा उतरवून मुंबई राज्याचा नवा नकाशा टांगायचा होता. टेबलावर खुर्ची, खुर्चीवर मी. जुनं राज्य नीट उतरलं, नवं राज्य खिळ्याला लागलं आणि मी खाली आलो. उजवा घोटा लोट्याएवढा सुजला. शिपायानं पाठीवर घेऊन मला निंबाखाली नेलं. मामूंनी नेहमीप्रमाणं माझ्याकडं न पाहता उजव्याला विचारलं, "काय रे बाळा, कुठं पडलास?" डोळे मिटले, चाचपलं, एक झटका दिला. माझ्या तोंडून जो आवाज निघाला, त्यानं शेजारी बांधलेला बैलही उठून उभा राहिला. मग थंडगार लेप, पट्टी आणि ती गाठ. "एकवीस रोज. जमीन ह्याला दाखवायची न्हाई."

मी शपथेवर कबूल केलं. आणि अकराव्या दिवशी वडिलांचं पत्र आलं, की उद्या पाथरीला मुलगी पाहायला जायचं आहे, पाहुणे थांबणार नाहीत, तू परस्पर ये.

आता विचार केला तर 'पाय दुखावला आहे, पंधरा दिवसांनी येतो' असं कळवण्यात काय अवघड होतं, ते मला सांगता येत नाही. पण तेव्हा वाटलं, लंगडा मुलगा म्हणून बोभाटा होईल. बाराव्या दिवशी सकाळी मी गाठ सोडायला बसलो. ती ओढावी तितकी आवळत गेली. शेवटी कात्रीनं कापली. आतून पाय निघाला तो पिवळाधमक. घोट्यापासून बोटांपर्यंत, जेजुरीहून आल्यासारखा. चिंच लावली, राख लावली, रिठ्यानं धुतला, दगडानं घासला. पिवळा रंग ढळला नाही, उलट उजळला. हेडमास्तरांचे पंपशू मागून घेतले, त्यात तो पाय कोंबला आणि एस.टी.त बसलो. बुटात पाय झाकला गेला या आनंदात एक साधी गोष्ट मी पाथरीला पोचेपर्यंत विसरलो होतो. पाहुण्याला दारात पाय धुवायला पाणी देतात.

मुलीचे वडील म्हणजे आडत बाजारातले दलाल. आवाज असा की घरात बोलले तरी वखारीत ऐकू जावं. ते स्वतः तांब्या घेऊन उभे राहिले. "या, या मास्तर. काढा बूट." मी डावा काढला. मग उजवा काढला. पायरीच्या काळ्या दगडावर एक पाय माणसाचा आणि एक पाय सोन्याचा असे शेजारी शेजारी उभे राहिले.  मग ओसरीवरून मुलीची आजी कडाडली, "अगं बया! नवरदेव हळद लावूनच आलाय की! ती बी एकाच पायाला!" आतल्या दारामागून कुणीतरी फिस्सकन हसलं. ते हसणं पुढं पंचेचाळीस वर्षं माझ्या घरात राहिलं, म्हणून त्या दिवसाला सगळंच वाईट म्हणवत नाही.

पण मुलीचे वडील हसले नाहीत. त्यांनी वाकून घोट्याकडं पाहिलं. प्रवासानं तो पुन्हा सुजला होता आणि किंचित बाहेर वळला होता. "मास्तर, पाय वाकडा दिसतोय. जन्माचा हाय का?"

"नाही, नाही," मी म्हणालो. "किरकोळ लचकला होता हो. आमच्याकडं एक नालबंद आहे, त्यानं बैलासारखा ओढला. त्यानं बिघडवला."

इतकंच. तीन-चार वाक्यं. तोंडातून निघायला तांब्यातलं पाणी सांडण्याइतकाही वेळ लागला नाही. "असल्यांच्या हातात पाय देऊ नये मास्तर," ते एकदम निवळून म्हणाले. 'असल्यांच्या' या शब्दावर त्यांनी जरा जोर दिला. निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलीस अॅक्शनला आठ वर्षं होऊन गेली होती, पण एखाद्या मामूंबद्दल वाईट ऐकायला पुष्कळांचे कान अजून तयारच असत. हे मला ठाऊक होतं. ठाऊक असून मी बोललो, हेही इथं लिहून ठेवतो. मग चहा झाला, मुलगी दाखवून झाली आणि होणाऱ्या सासऱ्यांनी खुशीत येऊन मला आपलं कापसाचं रान पायी हिंडवून आणलं, या बांधापासून त्या बांधापर्यंत. मीही हसतमुखानं हिंडलो. घोट्याचा जो काही निकाल लागायचा तो त्या ढेकळांत लागला.

परत आल्यावर मी तीच पट्टी पायाला गुंडाळली, कापलेली टोकं जुळवली आणि माझ्या परीनं गाठ मारली.

सासऱ्यांना आठवड्यात चार बाजार करावे लागत आणि प्रत्येक ठिकाणी काहीतरी सांगायला लागे. होणाऱ्या जावयाच्या पायाची हकीकत त्यांना चांगलीच पुरली. पाथरीत मामूंनी माझा पाय नुसता ओढला होता. देवगाव फाट्यावरच्या चहाच्या टपरीपर्यंत त्यांनी मला दोरानं आडवा पाडला होता. सोनपेठच्या बाजारात हकीकत पोचली तोवर ते हातोडी घेऊन माझ्या टाचेत पत्री ठोकणार होते, ती मी ऐन वेळी ओरडल्यामुळं वाचली होती. लोक हसले. पण हसून झाल्यावर घोटा घेऊन निंबाखाली जायचे बंद झाले.

एकविसाव्या दिवशी मी काठी टेकत मामूंकडं गेलो. न जाण्याची हिंमत नव्हती म्हणून गेलो. ते बैल नसताना बैलाच्या जागेवर बसले होते. नेहमीसारखं 'काय हो उजवे' झालं नाही. "मास्तर, मी एकवीस वेळा आठवून बघितलं," ते माझ्या पायालाच म्हणाले. "झटका बरुबर दिला व्हता. हाड जाग्यावर बसलेलं बोटाला कळलं व्हतं. आता वय झालं म्हनून बोटंच खोटं बोलायलीत का काय, कळंना."  त्यांचा हात पट्टीवर आला, टोकापाशी आला आणि थांबला.

गाठ माझी होती. शाळेचं दप्तर बांधतात तशी, सरळ, दोन फुल्यांची.

ते त्या गाठीकडं बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी मान वर केली आणि माझं तोंड पाहिलं. इतक्या दिवसांची आमची ओळख, पण त्यांचे डोळे घारे आहेत हे मला त्या दिवशी कळलं. मला वाटलं होतं, आता शिव्या बसतील. पण त्या चेहऱ्यावर पहिल्यांदा आली ती सुटका. "म्हंजे माझा हात चुकला न्हाई," ते हळूच म्हणाले. दोनदा म्हणाले. मग दप्तराची गाठ सोडली, घोटा चाचपला आणि मान हलवली. "हा आता असाच ऱ्हानार. नव्यानं मोडल्याबिगर सरळ व्हनार न्हाई."

"मामू, मला माफ करा," मी म्हणालो.

"माफी ठेवा तुमच्यापाशी. एक काम करा. बाजारात एकदा सांगा. ह्या झाडाखाली उभं ऱ्हाऊन, मोठ्यानं. माझी इज्जत बाजूला ठेवा, मास्तर. लोकांचे घोटे हायती. भिऊन येनार न्हाईत, आन् परभनीच्या दवाखान्यात जायला समद्याला कुठं फुरसत हाय? घरात पाय सुजवून बसतील."

"सांगतो," मी म्हणालो. "फक्त लग्न होऊ द्या."

"हौ," ते म्हणाले आणि त्यांची नजर पुन्हा खाली गेली.

लग्न झालं. बायकोला मी महिन्याभरात सगळं सांगितलं. ती आधी हसली आणि मग म्हणाली, "मग बाबांना सांगा की." पण सासरे आता चार बाजारांत खोटे पडणार होते, तेही ऐन हंगामात. म्हटलं, हंगाम जाऊ दे. मग मूल होणार होतं. म्हटलं, तिला या दिवसांत माहेरचा ताण नको. मग मुलगी झाली, बारसं झालं, मग दुसरा हंगाम आला. न सांगायचं असं मी कधीच ठरवलं नाही. सांगायचं हेच दर वेळी ठरवत होतो.

आणि मामूंनीही मला विसरू दिलं नाही. शाळेत जायची वाट निंबावरून जायची. घोटा त्यांनी सोडून दिला होता. पट्ट्यांचं गाठोडं झाडाला वर टांगून ठेवलं होतं आणि ते पुन्हा बैल, काटे, चिखल्या एवढंच बघत होते. मी दिसलो की ते फक्त माझ्या डाव्या पायाशी बोलायचे. "सलाम, डावे. बरं हाय ना? भावाला सांगू नका मी इचारलं म्हनून." उजव्याकडं ढुंकून बघत नसत. आणि बाजाराच्या दिवशी एक वाक्य जास्त असायचं. हातातला खूर न सोडता, बैलाला सांगितल्यासारखं ते म्हणायचे, "आज बाजार हाय, मास्तर." बस्, एवढंच. मी म्हणायचो, "हो मामू, आहे ना." आणि पुढं जायचो, खट्-खट्, त्या वाकड्या पायानं. साऱ्या बाजाराला तो पाय दिसायचा. सासऱ्यांच्या हकीकतीला आणखी पुरावा लागत नव्हता.

एकदा शाळेचा शिपाई, मला पाठीवर नेणारा तोच, विहिरीच्या पायरीवरून घसरला. त्याचा घोटा सुजला. मी म्हटलं, "अरे, मामूंकडं जा." त्यानं माझ्या पायाकडं पाहिलं आणि म्हणाला, "नको सर. तुमचा बघायलोय की रोज." परभणीला जाईन, जाईन म्हणत तो घरीच पडून राहिला, आणि महिन्याभरानं शाळेच्या व्हरांड्यात आमच्या दोघांची खट्-खट् एकाच तालात ऐकू यायला लागली. पोरांना त्याची गंमत वाटायची. मला त्या दिवशी तोंडापर्यंत आलं होतं. पण त्या दिवशी बाजार नव्हता.

तीन वर्षांनी माझी बदली झाली. सामान एस.टी.च्या टपावर चढवून झालं, बायको आत बसली, मी दीड वर्षाच्या मुलीला खांद्यावर घेऊन खाली उभा होतो. इतक्यात निंबाकडून मामू येताना दिसले. धंदा सोडून ते कुणाला निरोप द्यायला आल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. ते सरळ मुलीच्या पायांपाशी आले. दोन्ही पावलं तळहातांवर तोलून धरली, बोटं मोजली, टाच दाबून पाहिली, घोट्याभोवती हात फिरवला. "उजवे, सलाम. डावे, सलाम," त्यांनी दोघांचीही रीतसर विचारपूस केली. "पाय आईवर गेलाय. लय बेस झालं." आतून बायको हसली. कंडक्टरनं घंटी मारली. मी म्हणालो, "मामू, ते राहिलंच..."

त्यांनी वर पाहिलं. दुसऱ्यांदा आणि शेवटचं. "आज बाजार न्हाई, मास्तर," ते म्हणाले. "जावा निवांत."

मी निवांत गेलो. पुढं जिल्हाभर बदल्या झाल्या, हेडमास्तर झालो, निवृत्त झालो. मामू गेल्याचं कुणाकडून तरी उशिरा कळलं. सासरे गेले, मग आमच्या घरातलं ते दारामागचं हसणंही गेलं. आता मी कुणाला खोटं पाडणार नव्हतो. तेव्हा परवा, ऐंशीच्या वयात, काठी घेतली आणि सोनपेठची एस.टी. पकडली. मुद्दाम बाजाराचा दिवस निवडला होता. निंब तोडून तिथं मोबाइलची दुकानं झाली आहेत. पुढं एक बाई पेरूचा ढीग लावून बसली होती. मी अंदाजानं मडक्याची जागा ठरवली आणि तिथं उभा राहिलो.

"बाबा, बाजूला सरका. आज बाजार हाय," ती म्हणाली. "धक्का लागंल कुनाचा."

"म्हणूनच आलोय," मी म्हणालो, आणि वहाण काढून उजवा पाय पुढं केला. गळ्यात होता नव्हता तेवढा आवाज काढून बोललो. "हा पाय नालबंद मामूंनी बिघडवला नाही. त्यांनी तो नीट बसवला होता. मी बाराव्या दिवशी पट्टी कापली आणि खोटं सांगितलं."

दोन गिऱ्हाइकांनी वळून पाहिलं आणि पुन्हा भाव करायला लागली. बाई माझ्याकडं बघत राहिली. "कोन मामू?"

"इथं बसायचे. पायाचं औषध द्यायचे."

"नाव काय त्येंचं?"

आणि मला नाव सांगता येईना. सारं गाव त्यांना मामू म्हणायचं, मीही मामूच म्हणायचो. ज्याचं नाव मी चार बाजारांत बिघडवलं, त्याचं नाव मला कधी ठाऊकच नव्हतं.

"बरं, असू द्या," बाईला माझी दया आली असावी. "पेरू घ्यायचे का?"

एक किलो घेतले. पिशवी धरायला वाकलो तेव्हा नजर खाली गेली. तिच्या टाचा उललेल्या होत्या, एका भेगेत रक्त सुकलं होतं. मी म्हणालो, "मेण आणि करडईचं तेल. विस्तवावर एकजीव करायचं, कोमट असताना भरायचं. पण आधी पाय धुवायचे. उघडं पडल्यावर पायाला लाज वाटते."

ती खुदकन हसली आणि तिनं पाय लुगड्याखाली ओढून घेतले. "डागदर हाव का काय तुमी?"

"नाही. हे मामूंचं औषध. नालबंद मामूंचं."

"नालबंद मामू," तिनं पेरूवरची माशी उडवत म्हणून पाहिलं. "करून बघते. गुन आला तं नाव घेईन त्येंचं."

पुढच्या बाजाराला जाऊन यायचा विचार आहे. पाय चालेल तितकं.